स्वतःच्याच भूमीत परागंदा

१९६४ साली ब्रिस्बेनहून कॅथ वॉकर यांचा ‘वी आर गोइंग’ हा संग्रह निघाला. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी कवीचं छापलेलं हे पहिलं कवितेचं पुस्तक. शीर्षककवितेत टोळीतली उरलीसुरली माणसं आपल्या जुन्या पवित्र जागी येतात, तर तिथे गोऱ्यांच्या गावाचा उकिरडा झालेला. पुस्तक धडाक्यात खपलं. काही समीक्षकांनी मात्र ‘ही कविता नव्हे, प्रचार’ म्हणून नाक मुरडलं. तो आक्षेप मला आजही अन्यायाचा वाटतो. ज्यांची जमीन गेली त्यांनी तिच्याबद्दल सरळ बोलायचं नाही, तर कोणी बोलायचं? पुढे ब्रिटिश वसाहतीच्या द्विशताब्दी सोहळ्याच्या निषेधार्थ वॉकर यांनी ब्रिटिश किताब परत केला आणि आपल्या लोकांतलं नाव घेतलं, उडगरू नूनकल.

द्विशताब्दीच्याच वर्षी, १९८८ मध्ये, विराजुरी समाजातले कवी केविन गिल्बर्ट यांनी ‘इनसाइड ब्लॅक ऑस्ट्रेलिया’ हे मूळनिवासी कवितेचं संकलन काढलं. एकेकटे लिहिणारे कवी इथे शेजारी शेजारी आले.

लायोनेल फोगार्टी यांची वाट सगळ्यांत अवघड. ते क्वीन्सलँडच्या चेरबर्ग वसाहतीत वाढले. १८९७ च्या तथाकथित संरक्षण कायद्याखाली कितीतरी वेगवेगळ्या टोळ्यांची माणसं हाकलून अशा वसाहतींत कोंडली गेली. तिथे आपली भाषा बोलणंही कठीण केलं गेलं. फोगार्टींनी मग इंग्रजीच मोडली. त्यांची ओळ पहिल्या वाचनात अडते, आणि ती अडावी असाच त्यांचा आग्रह. माझ्या मते या परंपरेतलं सर्वांत धाडसी काम हेच.

मग कवितेतला वियोग घराच्या आत शिरला. सरकारने आईबापांपासून तोडलेल्या मुलांविषयीचा चौकशी अहवाल १९९७ मध्ये आला, माफी मागायला मात्र २००८ उजाडलं. यांकुनित्जाजारा समाजातली कवयित्री ॲली कॉबी एकरमन तान्ही असतानाच दत्तक दिली गेली. तिची आईही तशीच आपल्या आईपासून तोडलेली, आणि पुढे ॲलीलाही आपला मुलगा दत्तक द्यावा लागला. आई तिला भेटली ती तिशी उलटल्यावर. तिच्या कवितेत भूमी आणि आई वेगळ्या काढता येत नाहीत. २०१७ मध्ये विंडहॅम-कॅम्पबेल साहित्य पुरस्काराची बातमी आली तेव्हा ती बेकार होती, कॅरॅव्हॅनमध्ये राहत होती. पाच वर्षांनी कवितेला ऑस्ट्रेलियातल्या स्टेला साहित्य पुरस्काराची दारं प्रथमच उघडली, आणि तो मिळाला एव्हलिन ॲरालूएन या मूळनिवासी कवयित्रीच्या ‘ड्रॉपबेअर’ला.