रांगेचा न्याय आणि ‘सेंट लुईस’

१३ मे १९३९ रोजी ‘सेंट लुईस’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून क्यूबाकडे निघालं. जवळजवळ सगळे ज्यू, नाझींच्या तावडीतून सुटू पाहणारे. क्यूबानं बहुतेकांचे परवाने आधीच रद्द केले होते. हवानात २८ जणच रीतसर उतरू शकले. जहाज फ्लॉरिडाच्या इतक्या जवळून गेलं की प्रवाशांना मायामीचे दिवे दिसत होते. अमेरिकेनं दार उघडलं नाही. जहाज युरोपात परतलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सनं प्रवासी वाटून घेतले. पुढच्याच वर्षी ब्रिटन वगळता बाकीच्या देशांत हिटलरचं सैन्य शिरलं. या प्रवाशांपैकी २५४ जण ज्यूसंहारात बळी पडले.

अमेरिकेचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण ते आजही ऐकू येतं. जर्मनी-ऑस्ट्रियातून येणाऱ्या स्थलांतरितांचा वर्षाचा कोटा २७,३७० होता आणि तो भरला होता. जहाजावरच्यांना घेतलं, तर यादीत ताटकळणाऱ्यांवर अन्याय होईल. ऐकायला रास्त वाटतं. पण कोटा तोकडा होता म्हणूनच रांग लांबली होती, आणि कोटा ठरवणारेच रांगेचा दाखला देत होते. मी याला न्याय म्हणणार नाही.

आपल्यात कोणाला सामावून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क समाजाला आहे, असं राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर मांडतात. दुसरे तत्त्वज्ञ जोसेफ कॅरेन्स यांच्या मते श्रीमंत देशाचं नागरिकत्व हा सरंजामी काळातल्यासारखा जन्मजात विशेषाधिकार आहे. हा वाद मिटलेला नाही. मात्र जिवावर बेतलेल्या परक्याला मदत करण्याचं कर्तव्य वॉल्झरही मानतात. शिवाय आसरा देणं म्हणजे कायमचं नागरिकत्व देणं नव्हे. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. युद्धानंतर काही वर्षांत ते निघून गेले.

१९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं मुख्य कलम सांगतं: जिथे जिवाला धोका आहे, तिथे निर्वासिताला परत पाठवू नका. भारतानं त्यावर सही केलेली नाही. ज्यांनी केली, त्यातल्या अनेक श्रीमंत देशांनी वेगळीच वाट काढली. व्हिसा नसलेला प्रवासी आणला की विमान कंपनीला दंड. त्यामुळे छळातून पळणारा माणूस परक्या विमानतळावरच अडवला जातो, आणि मग काही जण समुद्रातल्या होड्यांकडे वळतात. सरकारं सीमेवर किती जणांना घेतात एवढंच मोजू नका. सीमेपर्यंत पोचूच न दिलेल्यांचाही हिशेब त्यांच्याकडे मागा.