न दुखणारा चट्टा : कुष्ठरोग ओळखण्यापासून बरा होईपर्यंत

नागीण उठली की माणूस दोन दिवसांत डॉक्टरांकडे जातोच. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. तो जागा झाला की अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो आणि अशी आग होते की सदऱ्याचा स्पर्शही नकोसा वाटतो. कुष्ठरोगही कातडीचा आणि नसांचाच आजार आहे. पण तो जिवाणूमुळे होतो आणि दुखत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे जायला महिने लागतात, कधी वर्षंही. हाताची बोटं वाकडी होतात ती या मधल्या काळात. म्हणून हा मधला काळ कसा ओळखायचा आणि कसा वाचवायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

नस म्हणजे इथे रक्तवाहिनी समजू नये. स्पर्श, चटका, टोचणं यांची खबर मेंदूकडे नेणारा आणि स्नायूंना हालचालीचा हुकूम पोहोचवणारा तो तंतू. पुस्तकात त्याला मज्जातंतू म्हणतात. या आजारात वाचवायची असते ती मुख्यतः ही नस.

हा जिवाणू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधला. तो क्षयाच्या जिवाणूचा नातलग, पण फार संथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. अंगात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. त्यामुळे ‘कुणापासून झाला’ हे शोधत बसण्यात अर्थ नसतो.

तो पसरतो तो मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून, आणि तेही दीर्घ, जवळच्या सहवासाने. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांच्या अंगात त्याला परतवून लावण्याची ताकद उपजतच असते. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, बसमध्ये शेजारी बसल्याने तो होत नाही. पूर्वजन्मीच्या पापाशी किंवा वंशाशी त्याचा काहीही संबंध नाही.

आता पहिला टप्पा, चट्टा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर डाग. तो खाजत नाही, त्यातून पाणी येत नाही, दुखत नाही. बऱ्याचदा तिथे घाम येत नाही, लव झडते, कातडी कोरडी पडते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, कुष्ठरोगाचा तसा नसतो. गजकर्ण खाजतं, हा खाजत नाही.

गोष्ट बिघडते ती बहुतेकदा इथेच. चट्टा पाठीवर किंवा मांडीच्या मागे असला तर दिसतच नाही. दिसला तर शिबं किंवा गजकर्ण समजून दुकानातून मलम आणलं जातं. या तयार मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, म्हणजे सूज आणि लाली दाबणारं औषध. त्याने चट्टा काही दिवस फिका पडतो, माणूस निर्धास्त होतो आणि आतलं काम चालूच राहतं. एखादा डाग महिनाभराच्या मलमाने गेला नाही, आणि त्यातही तो खाजत नसेल, तर मलमाची दुसरी ट्यूब आणू नये, तपासणी करून घ्यावी.

दुसरा टप्पा, चट्ट्यावरची जाणीव तपासणं. आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी हे कसं करतात ते माहीत असावं. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर पेनाचं टोक किंवा कापसाची वात अलगद टेकवतात आणि सांगतात, ‘जिथे लागलं तिथे बोट ठेवा.’ हे नीट समजलं की डोळे मिटायला लावतात आणि मग कधी चांगल्या कातडीवर, कधी चट्ट्यावर टेकवतात. रुग्णाने तोंडाने काही सांगायचं नसतं, नुसतं बोट ठेवायचं असतं.

घरी कुणी हौसेने असं करून पाहिलं तर दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे दर वेळी ‘लागलं का?’ असं विचारणं. विचारलं की समोरचा अंदाजाने ‘हो’ म्हणतो. दुसरी म्हणजे पेन टेकवण्याऐवजी ओढणं. ओढलं की शेजारची चांगली कातडी ताणली जाते आणि जाणीव असल्याचा भास होतो. शिवाय चेहऱ्यावरच्या चट्ट्यात जाणीव बऱ्याचदा शाबूत असते, कारण तिथे नसांचं जाळं दाट आहे. तेव्हा घरच्या तपासणीवरून ‘नाही’ असा निकाल देऊ नये. शंका आली एवढंच समजावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

एक प्रकार असाही असतो की ठळक चट्टा दिसतच नाही. चेहऱ्याची कातडी तेलकट, चकचकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, त्यांवर गाठी येतात, भुवया बाहेरच्या बाजूने विरळ होतात. घरचे म्हणतात, ‘तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आलं.’ या प्रकारात अंगात जिवाणूंची संख्या सर्वात जास्त असते. अशा वेळी कानाच्या पाळीवरून किंचित खरवडून नमुना घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

तिसरा टप्पा नसांचा. हा जिवाणू अंगाच्या थंड भागांत रमतो, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसांना तो धरतो. कोपराच्या आतल्या खोबणीत बोटाने चाचपलं की एक दोरीसारखी नस लागते. ती जाड झाली, दाबल्यावर दुखू लागली, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी बधिर होतं, मग वाकू लागतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूची गेली तर तळवा बधिर होतो. चेहऱ्यावरची गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही.

ही लक्षणं डॉक्टरी भाषेत येत नाहीत, रोजच्या कामात येतात. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलं पुढे गेल्यावर कळतं. सदऱ्याची गुंडी लावताना बोटं ऐकत नाहीत. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांत रुततात आणि रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. चहाचा स्टीलचा पेला शेजारच्याला धरवत नाही आणि आपण मात्र आरामात धरून बसलेले असतो. यांपैकी काहीही जाणवलं तर चट्टा असो वा नसो, तपासून घ्यावं.

ज्या वर्धा जिल्ह्यात आपण राहतो त्याने या आजाराचं जुनं रूपही पाहिलं आहे. मनोहर दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली वर्ध्यालगत दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं, तेव्हा हाताशी कडू कवठाच्या तेलापलीकडे फारसं काही नव्हतं. कुष्ठरोग झालेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच कुटी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. मला त्या मालिशचं मोल फार वाटतं, कारण रोग बरा करणारं औषध नसतानाही माणसाला दूर न लोटणं शक्य आहे हे तिथे दिसलं. पुढे १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. डॉ. वर्देकरांनी तिथून घरोघरी जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि घरपोच उपचार ही पद्धत रुजवली. रुग्ण येण्याची वाट पाहायची नाही, आपण जायचं. आज आशाताई दारात येऊन ‘अंगावर चट्टा आहे का’ विचारतात, ते याच रीतीने.

त्या काळी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षं चालायचं आणि जिवाणू त्याला दाद देईनासे व्हायचे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत सुचवली. तिला बहुविध औषधोपचार म्हणतात. देशात ज्या जिल्ह्यांत ती अगदी सुरुवातीला राबवली गेली त्यांत वर्धा होता.

चौथा टप्पा हाच उपचार. एक ते पाच चट्टे असतील तर साधारणपणे सहा महिने, त्याहून जास्त चट्टे असतील, एकाहून अधिक नसा धरल्या असतील किंवा नमुन्यात जिवाणू दिसले तर बारा महिने. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही ती औषधं. गोळ्यांचं पाकीट २८ दिवसांचं असतं आणि ते सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. महिन्याचा मोठा डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या रोज घरी. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. वेगळी खोली, वेगळं ताट यांची गरज नसते. घरातलं काम, शेत, शाळा, सगळं चालू ठेवावं.

गोळ्या घेताना काय दिसेल ते आधीच ठाऊक असलं तर घाबरगुंडी उडत नाही. मोठ्या डोसच्या दिवशी लघवी लालसर होते; ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, विशेषतः उन्हात काम करणाऱ्यांची. वर्ध्याच्या मे महिन्यात हे जास्तच जाणवतं. लग्नाच्या वयाची मुलं-मुली याच कारणाने गोळ्या चोरून टाकून देतात. त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं की उपचार संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू पूर्ववत होतो.

डॅप्सोनबाबत मात्र एक सावधगिरी आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणं, किंवा खूप थकवा आणि फिकटपणा दिसला तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

मधेच कामासाठी बाहेरगावी जावं लागलं म्हणून पाकीट चुकलं, तर ‘आता कशाला तोंड दाखवू’ असं म्हणून घरी बसू नये. सहा पाकिटं नऊ महिन्यांत आणि बारा पाकिटं अठरा महिन्यांत पूर्ण झाली तरी उपचार पूर्ण धरला जातो. जाण्याआधी सांगितलं तर पुढची पाकिटं सोबतही मिळू शकतात.

पाचवा टप्पा सगळ्यात फसवा आहे. उपचार चालू असताना एके दिवशी जुना चट्टा अचानक लाल होतो, सुजतो, तापतो. कोपर रात्री ठणकतं. कुणाला तापासोबत अंगावर दुखऱ्या गाठी येतात. याला प्रतिक्रिया म्हणतात. मेलेल्या किंवा मरत्या जिवाणूंविरुद्ध शरीरानेच उठवलेली ही सूज असते. पण रुग्णाला वाटतं, औषध उलटलं. शेजारीही तेच सांगतात. तो गोळ्या बंद करतो, आणि कायमचं अपंगत्व येतं ते बरेचदा या आठवड्यांत.

अशा वेळी कुष्ठरोगाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. आधी जास्त, मग हळूहळू कमी करत, काही महिने. नस बधिर होऊन सहा महिन्यांहून कमी काळ झाला असेल तर ती परत येण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ही आशा मावळत जाते. ठणका थांबला म्हणून ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये, आणि मधुमेह असेल तर तो आधी सांगावा.

सहावा टप्पा, जिथे जाणीव गेलीच आहे त्या हातापायांची निगा. जिवाणू गोळ्यांनी मरतो, पण जुनी गेलेली नस त्यांनी परत येत नाही. त्यामुळे ‘बरा झालो’ म्हणणाऱ्या माणसालाही हे रोज करावं लागतं. साध्या पाण्यात हातपाय वीस मिनिटं बुडवून ठेवायचे, पाणी गरम नको. मग जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची आणि ओल्या कातडीवरच तेल लावायचं, म्हणजे ओलावा आत राहतो आणि भेगा पडत नाहीत. तेल कुठलंही चालतं.

पायाला मऊ रबराच्या तळाची चप्पल हवी. तिला एमसीआर चप्पल म्हणतात आणि ती सरकारी केंद्रातून मिळते. तूर कापल्यावर शेतात उरलेली धसकटं साध्या चपलेतून आरपार जातात. संध्याकाळी घरी आल्यावर तळवा पाहायचा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. लालसर, गरम जागा दिसली तर दोन दिवस चालणं कमी करायचं. जखम झालीच तर हळद-चुना न भरता पाय टेकवणंच थांबवायचं. बधिर पायाची जखम भरत नाही ती मुख्यतः त्यावर चालत राहिल्याने. चुलीवरचं भांडं उतरवताना फडकं हवंच. डोळा मिटत नसेल तर चष्मा लावायचा, झोपताना स्वच्छ कापड बांधायचं.

वाकलेली बोटं आणि लोंबणारं पाऊल शस्त्रक्रियेने बऱ्याच अंशी कामाला लावता येतं. एका चालत्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, दुसरीकडे वळवून जोडतात. मात्र उपचार पूर्ण झालेला हवा, प्रतिक्रिया काही महिने शांत हवी आणि बोटांचे सांधे आखडलेले नसावेत. म्हणून वाकलेली बोटं रोज दुसऱ्या हाताने सरळ करत राहायची.

घरात एकाला निदान झालं की सगळ्यांची तपासणी करून घ्यावी, मुलांची आधी. लक्षणं नसलेल्या सहवासातल्या माणसांना रिफॅम्पिसिनचा एकच डोस दिला जातो. त्याने आजाराचा धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची बाळं आणि क्षयाची शंका असलेले यांना तो देत नाहीत.

कायदाही आता बदलला आहे. जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावर घटस्फोट मागता येत नाही, ती तरतूद २०१९ साली काढून टाकली गेली. अपंगत्व राहिलेल्या बऱ्या झालेल्या माणसाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं.

शेवटचं पाकीट संपलं की उपचाराचं कार्ड जपून ठेवावं. गोळ्या थांबल्यावरही काही वर्षं प्रतिक्रिया येऊ शकते, आणि तेव्हा नवीन डॉक्टरांना आधी काय दिलं होतं ते या कार्डावरून कळतं. कोपर ठणकलं, नवा सुन्नपणा आला किंवा डोळा लाल झाला, तर कार्ड घेऊन त्याच दिवशी जावं.