आवाज अडतो तो जोडणीत

मांडव भरलेला, गायक मंचावर आलेला आणि पहिल्याच तानेला डाव्या बाजूचा स्पीकर मुका. मग कोणीतरी धावत मागे जातो, वायरी हलवतो, एक पिन काढून दुसरी खुपसतो आणि कधीकधी चालू असलेली उजवी बाजूही गप्प होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावरील कार्यक्रम एरवी रात्री दहाला आटोपावे लागतात. तेव्हा अशा धावपळीत गेलेली वीस मिनिटे भरून निघत नाहीत. दोष बहुधा अॅम्प्लिफायरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधल्या स्वस्तातल्या जोडणीकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते.

या जोडणीतून जाते ती बऱ्यापैकी शक्तिशाली वीज. ४ ओमच्या स्पीकरला १,००० वॅट पुरवायचे तर सुमारे ६३ व्होल्ट आणि १६ अँपिअर लागतात. मायक्रोफोनच्या वायरीतला संकेत याच्या तुलनेत नगण्य असतो. असे असूनही स्पीकरसाठी वर्षानुवर्षे वापरला गेला तो पाव इंची जॅक, म्हणजे गिटारला लावतात तोच. मुळात तो टेलिफोन एक्स्चेंजमधील जोडण्यांसाठी एकोणिसाव्या शतकात आला. तो ओढला की निघतो, त्याचा संपर्कबिंदू लहान असतो आणि चालू अॅम्प्लिफायरमध्ये आत-बाहेर करताना क्षणभर शॉर्ट सर्किट होऊ शकते. शिवाय गिटारची वायर आणि स्पीकरची वायर बाहेरून सारखीच दिसते. गिटारच्या वायरीतील तार केसासारखी बारीक असते; ती स्पीकरला लावली तर तापते.

मायक्रोफोनसाठीचा तीन पिनांचा एक्सएलआरही पूर्वी स्पीकरला लावत. त्यातला धोका वेगळा. अंधारात अॅम्प्लिफायरचे आउटपुट मिक्सरच्या इनपुटात गेले की मिक्सर गेलाच म्हणून समजावे. काही ठिकाणी तर घरगुती विजेचा प्लगच स्पीकरच्या वायरीला बसवलेला आढळतो. तो कोणी भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या सगळ्यावर लिश्टनश्टाइनमधील न्यूट्रिक कंपनीने १९८७ मध्ये 'स्पीकॉन' हा कनेक्टर काढला. तो आत सरकवून फिरवला की खटका बसतो. पाय अडखळला तरी सुटत नाही. धातूचे संपर्क खोल असल्याने बोट लागत नाही आणि मायक्रोफोनच्या सॉकेटमध्ये तो जातच नाही. त्याच्या चार टोकांच्या प्रकारात १+, १-, २+ आणि २- अशा खुणा असतात. साध्या स्पीकरला १+ आणि १- पुरतात. खर्ज आणि तार स्वरांना स्वतंत्र अॅम्प्लिफायर असतील तर दुसरी जोडी कामी येते. अॅम्प्लिफायरचे दोन्ही चॅनेल एकत्र करून 'ब्रिज' पद्धतीने चालवताना मात्र अनेक यंत्रांत १+ आणि २+ वापरावे लागतात. म्हणून पाठीमागच्या पट्टीवरील आकृती वाचल्याशिवाय वायर लावू नये.

वायरीची जाडी हा हिशेबाचा भाग आहे. अॅम्प्लिफायरपासून स्पीकर ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबे लागते. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध सुमारे १ ओम होतो. म्हणजे ४ ओमच्या स्पीकरसाठी निघालेल्या शक्तीचा पाचवा हिस्सा वाटेतच उष्णतेत जातो, आणि तबल्याचा डगा सैल वाजतो तो वेगळाच. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हा तोटा दहा टक्क्यांच्या आत येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे अॅम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवणे आणि लांबची वायर मिक्सरकडून आणणे.

सर्वाधिक अॅम्प्लिफायर जळतात ते मात्र ओमच्या बेरजेत. स्पीकरच्या पेटीला दोन सॉकेट असतात म्हणून एकीतून दुसरीत वायर ओढली जाते. ही जोडणी समांतर असते. ८ ओमच्या दोन पेट्या ४ ओम होतात, चार पेट्या २ ओम. ओम जितके कमी तितका प्रवाह जास्त, आणि अनेक अॅम्प्लिफायरची सहनशक्ती ४ ओमला संपते. ब्रिज पद्धतीत तर प्रत्येक चॅनेलला प्रत्यक्ष ओमच्या निम्मेच दिसतात. मंडळाला आणखी दोन पेट्या हव्या असतील तर आणखी एक अॅम्प्लिफायर हवा, हे आयोजकांना पटवणे साऊंडवाल्याला अनेकदा जड जाते.

धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, पण दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलतात आणि मध्यभागी बसलेल्यांना खर्ज ऐकूच येत नाही. दीड व्होल्टचा सेल उघड्या खर्जाच्या स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावला तर पडदा बाहेर आला पाहिजे. आत गेला तर तारा उलट आहेत.

आता अॅम्प्लिफायर पेटीतच बसवलेले स्पीकर सर्रास दिसतात. त्यांना स्पीकरची जाड वायर लागत नाही, पण प्रत्येक पेटीला विजेची लागते, आणि त्यात गुणगुण आली की अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग भेटतात. ती पिन जिवासाठी असते. गुणगुण थांबवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो. तो मिक्सरकडून येणाऱ्या वायरीत लावायचा असतो, विजेच्या नव्हे.