चाळीस किलोवॅट आणि नव्वद चुली

डोंगरातला ओढा वळवावा, त्याचे पाणी उंचावरून नळातून खाली सोडावे, त्या जोरावर जनित्र फिरवावे आणि गावापुरती वीज निर्माण करावी, ही सूक्ष्म जलविद्युत योजनेची रीत आहे. तेथे बहुधा मोठे धरण नसते. म्हणून साठाही नसतो. गाव झोपलेले असताना वाहून गेलेले पाणी सकाळच्या स्वयंपाकाला उपयोगी पडत नाही. दिवसभरात किती वीज लागते यापेक्षा एका वेळी किती लागते, हा अशा गावापुढचा खरा प्रश्न होय.

भूतानमधील रुकुब्जी गावाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. योजनेची क्षमता ४० किलोवॅट आणि घरे सुमारे ९०. म्हणजे घरटी वाटा साडेचारशे वॅटसुद्धा नाही. दिव्यांना तो पुरेसा आहे. परंतु भात शिजविण्याचा विजेचा कुकर ६०० वॅटचा धरला, तरी सर्व कुकर एकदम लागल्यास ५४ किलोवॅटची गरज उभी राहते. साहजिकच ऐन स्वयंपाकाच्या वेळी विजेचा दाब कोसळे आणि भात नीट शिजेल याचा भरवसा नसे.

२०११ च्या उन्हाळ्यात तेथील प्रत्येक घरात व दुकानात ‘ग्रिडशेअर’ नावाचे छोटे उपकरण बसविण्यात आले. हिरवा दिवा असेल तर कुकर लावावा, तांबडा असेल तर थांबावे, अशी त्याची खूण. तांबडा दिवा असताना नवा मोठा भार ते घेऊ देत नाही. जोडीला ग्रामस्थांना सविस्तर माहिती देण्यात आली. त्यानंतर दाब अतिशय उतरण्याचे प्रसंग आणि त्यांचा सरासरी कालावधी यांत ९२ टक्क्यांहून अधिक घट झाली. ओढा तोच होता, जनित्रही तेच होते. स्वयंपाकाच्या वेळा तेवढ्या विभागल्या गेल्या.

मात्र याचे सारे श्रेय यंत्राला देऊन चालणार नाही. जो आधी कुकर लावील त्याचा भात आधी, एवढाच नियम राहिला, तर शेतावरून उशिरा परतणाऱ्या घराच्या वाट्याला तांबडा दिवाच यावयाचा. वेळ बदलण्याचा भारही बहुधा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीवरच पडतो. पाटाच्या पाण्याला पाळी लागते, तशी विजेलाही लागते. आणि ती ठरविण्याचे काम गावालाच करावे लागते. म्हणून योजना आखताना ओढ्याचे पाणी मोजावे, त्याचबरोबर कोणत्या घरात चूल केव्हा पेटते हेही विचारावे, आणि ते चुलीपाशी बसणारीलाच विचारावे.