'नाही'ने जागा बदलली की

स्वीडिश शिकणाऱ्याला लवकरच 'बिफ' नावाचा एक नियम पाठ करावा लागतो. गौणवाक्यात 'इन्ते', म्हणजे 'नाही', हा शब्द काळ दाखवणाऱ्या क्रियापदाच्या आधी येतो, असे सांगणाऱ्या स्वीडिश शब्दांची ती आद्याक्षरे. मुख्य वाक्यात क्रम असतो 'या ऐतर इन्ते फिस्क', शब्दशः 'मी खातो नाही मासे'. हेच विधान 'तिला ठाऊक आहे की' याला जोडले, तर 'की'नंतर 'मी नाही खातो मासे' असे म्हणावे लागते. मराठीत 'मी मासे खात नाही' हे वाक्य 'की'नंतर जसेच्या तसे बसते, म्हणून हा बदल आपल्याला विनाकारण केलेला वाटतो आणि नियम घोकंपट्टीवर सोडला जातो. तो तसा सोडू नये. विधान बोलणारा स्वतः ठामपणे करतो आहे की ते दुसऱ्या विधानाच्या आश्रयाने आले आहे, हे स्वीडिश भाषा या क्रमातून सुचवते.

मुख्य वाक्यात क्रियापदाची जागा दुसरी. पहिल्या जागी कर्ता असो, कर्म असो वा काळ, क्रियापद हलत नाही. 'काल मी पुस्तक घेतले' हे स्वीडिशमध्ये 'काल घेतले मी पुस्तक' असे होते. पहिल्या जागी अख्खे गौणवाक्यही बसू शकते, आणि त्याच्या पाठोपाठ मुख्य क्रियापद येते. डॅनिश भाषातज्ज्ञ पॉल डिडरिकसेन यांनी १९४६ च्या व्याकरणात वाक्य ठरावीक जागांच्या रांगेत मांडले. त्या पद्धतीचा स्वीडिश व्याकरणावर मोठा प्रभाव पडला. गौणवाक्यात मात्र संयोजकानंतर सहसा कर्ता, मग 'नाही', 'नेहमी', 'कधीच' असे शब्द आणि त्यानंतर क्रियापद. 'तो आधीच गेला आहे' यातल्या 'आहे'चे काम करणारे साहाय्यक क्रियापद 'हार' गौणवाक्यात गाळताही येते. मुख्य वाक्याला ही मुभा नाही.

कोणी म्हणेल, 'की', 'कारण' असे संयोजक असताना क्रमाची वेगळी खूण कशाला? पण स्वीडिशमध्ये 'कारण'साठी 'फॉर' आणि 'एफ्तरसोम' असे दोन शब्द आहेत. 'तो घरी राहिला' यानंतर 'फॉर' आला, तर पुढचा क्रम 'तो होता नाही बरा', म्हणजे मुख्य वाक्याचा. 'एफ्तरसोम' आला, तर 'तो नाही होता बरा'. 'एफ्तरसोम'चे वाक्य उचलून सुरुवातीला ठेवता येते, 'फॉर'चे येत नाही. एक संयोजक स्वतंत्र विधानाची भर घालतो, दुसरा आपले वाक्य मुख्य वाक्यात गुंफतो, आणि शब्दक्रम हा फरक कानाला ऐकू आणून देतो.

याहून वजनदार आक्षेप असा, की स्वीडिश माणसे हा नियम स्वतःच मोडतात. 'तो म्हणाला की'नंतर 'तो शकत होता नाही येऊ' असा मुख्य वाक्याचा क्रम बोलण्यात सर्रास आढळतो. पण तो कुठे आढळतो, हे पाहायला हवे. 'म्हणाला', 'वाटते' अशा क्रियापदांनंतर, जिथे खरी माहिती 'की'च्या पुढे असते, तिथे तो चालतो. 'ती आली नाही याचा तिला पश्चात्ताप होतो' अशा वाक्यात न येणे आधीच गृहीत असते; तिथे तो खटकतो. 'जर'च्या अर्थाच्या 'ओम'नंतरही चालत नाही, कारण अट घालणे म्हणजे ठाम विधान करणे नव्हे. नियम मोडण्यालाही असा अर्थ आहे, आणि तो वरच्या म्हणण्याला बळच देतो.

आइसलँडिक भाषेत दोन्ही प्रकारच्या वाक्यांत क्रियापद सहसा नकाराच्या आधी येते आणि तिचे काही अडत नाही. जुन्या स्वीडिशमध्येही गौणवाक्यात तसा क्रम चालत असे. तेव्हा ही खूण प्रत्येक भाषेला आवश्यक आहे, असे म्हणता येणार नाही. 'मी मासे खातो' यासारख्या वाक्यात तर स्वीडिशमध्येही दोन्ही क्रम एकसारखेच दिसतात. पण आजच्या स्वीडिशने हा फरक घडवला आणि कामाला लावला, हे खरे. मराठी कानाला तो अगदी परका नाही. 'पाऊस पडला नाही' हे पुरे विधान. 'पाऊस न पडल्याने' म्हणताच नकार क्रियापदाआधी सरकतो आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहू लागतो. स्वीडिश शिकवताना 'बिफ'बरोबर हे कारणही सांगावे. मग शिकणाऱ्याला नियम आठवत बसावे लागणार नाही. आपण काय ठामपणे म्हणतो आहोत, हे ठरवले की क्रम ओळखता येईल.