जाळे कापणाऱ्याचे अभयदान

अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर मॅनाटी नावाचा शांत, शाकाहारी जलचर राहतो. २०२१ या एका वर्षात तेथे सुमारे ११०० मॅनाटी मृत्युमुखी पडले. सांडपाणी व खतांमुळे माजलेल्या शेवाळाने सूर्यप्रकाश अडवला, समुद्रगवत नष्ट झाले आणि अनेक प्राणी उपासमारीने गेले. काही दरवर्षी वेगवान बोटींच्या धडकेने मरतात. मारण्याचा हेतू कोणाचाच नसतो. शास्त्रकार ज्याला प्रमाद म्हणतात, तो हाच.

मॅनाटीचा भारतीय नातलग डुगाँग आज कच्छचे आखात, तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार येथेच उरला आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर डॉल्फिन आणि पॉरपॉइज आढळतात. हे मासे नव्हेत. ते पिलांना दूध पाजणारे, फुफ्फुसांनी श्वास घेणारे पंचेंद्रिय जीव आहेत. श्वासासाठी त्यांना वारंवार पृष्ठभागावर यावेच लागते. जाळ्यात गुरफटलेला डॉल्फिन म्हणूनच पाण्यात राहूनही गुदमरतो. समुद्री कासवाचीही हीच गत होते.

अशा वेळी त्याची सुटका एकाच मार्गाने होते: जाळे कापणे. परंतु जाळे हेच कोळ्याचे भांडवल. ते कापणे म्हणजे पुढील कित्येक दिवसांच्या कमाईवर पाणी सोडणे. हा हिशेब ओळखून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून भरपाई योजना सुरू केली. संरक्षित प्राण्याला सोडविण्यासाठी जाळे कापल्यास, छायाचित्रांचा पुरावा देऊन, २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. ऑलिव्ह रिडले कासवे, देवमासा-शार्क, डॉल्फिन असे अनेक जीव यामुळे पुन्हा समुद्रात गेले.

मासेमारीला जैन आचारात स्थान नाही. तरीही आपले भांडवल कापून एका जिवाला मोकळे करणारा तो हात त्या क्षणी अभयदानच देत असतो. पुण्यातील व्यापारी कुटुंबांनी पांजरपोळांना पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला. मात्र डॉल्फिनला पांजरपोळात ठेवता येत नाही. त्याचे रक्षण समुद्रावरच व्हायला हवे, आणि ते करणाऱ्याला तोटा सोसावा लागू नये, ही व्यवस्था व्यापाऱ्याला सहज उमगावी अशी आहे.

सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी एवढे निश्चित करावे: डॉल्फिनदर्शनाच्या वेळी नावाड्याला पाठलाग करू देऊ नये, आणि किनाऱ्यावर असहाय प्राणी दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.