रिपोर्टातील ‘नॉर्मल’ कोणाच्या रक्तावरून ठरते?

रक्त तपासणीचा कागद हाती आला की आपण आधी ठळक अक्षरातला आकडा शोधतो. आपला आकडा एका रकान्यात आणि शेजारी ‘नॉर्मल’ म्हणून दोन आकडे. त्यांच्या आत असलो तर सुटलो, बाहेर असलो तर रात्रीची झोप गेली. पण हे दोन आकडे आले कोठून? वस्त्यांतील आरोग्य शिबिरांच्या वह्या लिहिता लिहिता आम्हांला हा प्रश्न पडला. त्याचे उत्तर आमच्या भगिनींनी तरी जरूर समजून घ्यावे.

रीत अशी आहे. किमान १२० निरोगी माणसे निवडायची. जेथे स्त्री-पुरुषांत फरक पडतो तेथे दोघांची यादी वेगळी. आजारी, औषधे चालू असलेले, गरोदर स्त्रिया वगळायच्या. सर्वांचे रक्त एकाच पद्धतीने घ्यायचे आणि आलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे. खालचे अडीच टक्के व वरचे अडीच टक्के, म्हणजे १२० पैकी तीन-तीन जण, बाजूला काढायचे. उरलेले ९५ टक्के ज्या दोन आकड्यांत बसतात ती झाली मर्यादा.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब चटकन पटला. पण मेखही त्यातच आहे. बाजूला काढलेली ती सहा माणसेसुद्धा निरोगीच होती! म्हणजे धडधाकट माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर एखादा तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. आज ‘फुल बॉडी’ पॅकेज घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. याच कारणाने फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस या दोघा शास्त्रज्ञांनी १९६९ साली ‘नॉर्मल’ऐवजी ‘संदर्भ मूल्ये’ म्हणावे असे सुचविले. शब्द कागदावर बदलला, लोकांच्या तोंडी मात्र नॉर्मलच राहिले.

खरा प्रश्न पुढेच आहे. निरोगी कोणाला म्हणायचे?

हिमोग्लोबिनचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली रक्तक्षयाची रेषा ठरविली: दर शंभर मिलिलिटर रक्तात स्त्रियांना १२ ग्रॅमपेक्षा कमी, पुरुषांना १३ पेक्षा कमी, गरोदर स्त्रीला ११ पेक्षा कमी. आपल्या देशातील २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया या रेषेखाली निघाल्या. आता समजा, कोणी रस्त्यावरून जाणाऱ्या १२० बायका उचलल्या आणि त्यांच्या रक्तावरून मर्यादा काढली. निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात कमतरता असेल, तर मर्यादेची खालची बाजू घसरणारच, आणि कमतरतेलाच ‘नॉर्मल’चा शिक्का बसेल. म्हणून आधी लोह, फॉलिक अॅसिड, बी-१२ तपासून कमतरता असलेल्या वगळाव्या लागतात. हे काम खर्चाचे आहे. पुष्कळ लॅब तर स्वतः मर्यादा न काढता यंत्र वा किट बनविणाऱ्या कंपनीचे आकडेच छापतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतातील संशोधकांनी २०२१ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये मांडले की, अशी चाळणी लावूनही आपल्याकडील निरोगी मुलामुलींचे आकडे जागतिक रेषेपेक्षा साधारण एक ते दोन ग्रॅमने खाली येतात. यावर वाद झाला. २०२४ साली जागतिक संघटनेने नव्याने विचार केला; प्रौढांसाठी १२ आणि १३ कायम राहिले, गरोदरपणी चौथ्या ते सहाव्या महिन्यात १०.५ झाले. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञ पाहतील. पण नऊ ग्रॅमवर धुणीभांडी करणाऱ्या बाईला कोणी ‘आपल्या बायकांचे असेच असते’ म्हणून घरी पाठवीत असेल, तर त्याला कोणत्याच शास्त्राचा आधार नाही. असे बोलणे शिबिरात अनेकदा कानी येते, आणि सांगणाऱ्या बहुधा सासूबाईच असतात!

उलटही घडते. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींत सिकलसेल आढळतो. त्याच्या वाहकाचे हिमोग्लोबिन बहुधा मर्यादेतच असते, त्यामुळे नेहमीच्या रिपोर्टात काही दिसत नाही. त्यासाठी सोल्युबिलिटी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही वेगळी तपासणी लागते. लग्न ठरविताना ती दोन्हीकडून मागावी. जुने रिपोर्ट मात्र टाकून देऊ नयेत. गेल्या वर्षी तेरा असलेले हिमोग्लोबिन यंदा बारावर आले, तर कागदावर खूण नसली तरी ते डॉक्टरांना दाखवावे.